फाइंडरमधली वाकडी रेषा

३ मार्च, मंगळवार

ही वही स्टुडिओच्या ऑर्डरींची. कुणाचं लग्न, कुणाचे पासपोर्ट फोटो, कुणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस. आज ती उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलीय, कारण घरात कुणाशी बोलले तर मला रडू येईल, आणि छप्पन्नाव्या वर्षी कॅमेऱ्यासाठी रडताना मला कुणी बघायला नकोय.

कॅमेरा फुटला. माझ्याच हातून. चौदा वर्षांत ज्याला मी कुणाला हात लावू दिला नाही, तो मी टेबलावर ठेवला आणि टेबल तिथे नव्हतंच. म्हणजे होतं, पण मला वाटलं त्याहून चार बोटं पलीकडे. खाली फरशी. आवाज असा झाला की शेजारचा केशकर्तनवाला हातात कात्री घेऊन धावत आला.

दुरुस्तीवाल्याने आत बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्याला आता कपाटात ठेवा आणि रोज पुसत जा." माणूस गेल्यावर तरी लोक जरा सावकाश सांगतात.

८ एप्रिलला शाळेचे वर्गफोटो आहेत. बावीस वर्ग. सव्वीस वर्षं मीच काढतेय. आता ज्या बाया पोरांना सोडायला येतात त्यांचेही मीच काढलेत. ते काम गेलं तर स्टुडिओच्या पाटीला तरी काय अर्थ? हातात कॅमेरा नाही आणि पाच आठवडे आहेत.

लेकीला फोन केला. ती दूर असते, पण सल्ले द्यायला जवळच असते. म्हणाली, "आई, मिररलेसच घे. नवाच घे. आता डीएसएलआर कोण घेतं?" मी म्हटलं, मी घेते. तीस वर्षं मी आरशातून आलेलं खरं दृश्य बघून फोटो काढलाय. मिररलेसमध्ये आरसाच नसतो. डोळा लावला की आत एवढासा टीव्ही. बोहल्यावरच्या मुलीकडे मी टीव्हीतून बघू?

५ मार्च, गुरुवार

मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवला ते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आता कामं बंद केलीत. त्यांचा डीएसएलआर विकायचा आहे असं आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर होतं. मला बघून म्हणाले, "ये फ्लॅश." हे नाव त्यांनी मला चोविसाव्या वर्षी ठेवलं. मी एकदम पेटते आणि समोरच्याचे डोळे मिटतात म्हणे.

"तुला हवा असेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवतो," म्हणाले. "आठवडाभर घरी ने. वापर. मग सांग."

कॅमेरा तसा छान ठेवलाय. लेन्स स्वच्छ, बटणं घट्ट. एक गोष्ट मात्र खटकली. मागच्या स्क्रीनची काच उजव्या बाजूला घासून पांढुरकी झालीय. माझ्या जुन्याची डावीकडे घासली होती, कारण डोळा फाइंडरला लावला की नाक तिथेच टेकतं. उजवीकडे काय घासायचंय? मध्यंतरी कुणा नवशिक्याच्या हातात दिला असावा. विचारलं नाही. वय झालंय, उगाच कशाला.

हे म्हणाले, "मास्तरांचा आहे ना, डोळे मिटून घे." हे म्हणजे आमचे यजमान. लाकूडकाम करतात. ह्यांना मास्तर म्हणजे देव.

६ मार्च, शुक्रवार

मला धक्का बसलाय. साध्या शब्दांत लिहिते, म्हणजे उद्या वाचून खात्री पटेल.

मास्तरांच्या कॅमेऱ्याच्या फाइंडरमध्ये जाळी दाखवता येते, उभ्याआडव्या बारीक रेषांची. फोटो तिरका येऊ नये म्हणून. आज सकाळी खिडकीशी उभी राहून जाळी चालू केली, डोळा लावला, आणि मधल्या रेषा वाकलेल्या! कडेच्या सरळ, मधल्या आत ओढल्यासारख्या. आणि बरोबर मध्यावर एक मळकट डाग.

काच पुसली. लेन्स बदलली. दुसरीही बदलली. बॅटरी काढून घातली, तिचा ह्याच्याशी काय संबंध ते मलाही ठाऊक नाही. रेषा तशाच.

ह्याचा अर्थ एकच. कॅमेरा पडलाय आणि आतलं भिंग हललंय. आणि मास्तरांनी मला सांगितलं नाही. मला! बत्तीस वर्षांच्या शिष्येला!

जेवण गेलं नाही. पाणी ओतायला गेले तर निम्मं पेल्याच्या बाहेर. रागात लक्षच नव्हतं.

७ मार्च, शनिवार

भांडण झालं.

मी कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "कधी पडला होता?"

"पडला नाही."

"मग रेषा वाकड्या का?"

त्यांनी कॅमेरा उचलला, खिडकीच्या चौकटीवर रोखला, बराच वेळ बघितलं. "सरळ आहेत," म्हणाले. मग कॅमेरा खाली घेऊन माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला अवघडल्यासारखं झालं. "फ्लॅश, तू कुठल्या डोळ्याने बघतेस?"

"उजव्या. तुम्हीच शिकवलंत."

"डावा लावून बघ बरं."

आता ह्याला काय म्हणावं? कॅमेरा सरळ करता येत नाही म्हणून मी वाकडी होऊ? मी तसंच म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, "एकदा बघ. माझ्यासाठी बघ." मला वाटलं विषय टाळतायत. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. "तुम्हालाच आता धड दिसत नसेल, म्हणून सरळ दिसतात."

मास्तरांनी कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "डोळे दाखवून ये." माझं बोलणं मलाच परत केलं असं वाटलं. मी जिना उतरले ते थेट रस्त्यावर.

बत्तीस वर्षांत त्यांना मी उलट बोलले नव्हते.

८ मार्च, रविवार

ग्रुपवर लिहिलं. नाव घेतलं नाही, पण विकायला असलेला कॅमेरा एकच आहे. "पडलेला कॅमेरा ठणठणीत म्हणून विकला जातोय, घेणाऱ्यांनी फाइंडर तपासावा." सत्तेचाळीस जणांनी वाचलं. तिघांनी वर केलेले अंगठे टाकले. मास्तरांनीही वाचलं, तसं दिसत होतं.

ह्यांना सांगितलं तर हे हातातला रंधा खाली ठेवून म्हणाले, "लिहायच्या आधी मला विचारायचंस." मी म्हटलं, कॅमेऱ्यातलं तुम्हाला काय कळतं? म्हणाले, "कॅमेऱ्यातलं नाही, मास्तरांतलं कळतं."

११ मार्च, बुधवार

मोठ्या दुकानात मिररलेस बघायला गेले. काउंटरवरची मुलगी हसतमुख, बोटं चपळ. तिने कॅमेरा हातात दिला, मी डोळा लावला. आत टीव्हीच, पण कबूल करते, टीव्ही चांगला आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातलंही दिसत होतं. "जाळी चालू करा," म्हटलं.

वाकड्या.

मी हबकले. नवाकोरा, खोक्यातून माझ्यासमोर काढलेला! तिला म्हटलं, हा खराब आहे, दुसरा दाखवा. तिने दुसरा काढला. तोही तसाच. तिने डोळा लावून बघितलं, म्हणाली, "मला तर ठीक दिसतंय, मॅडम." मग मागची स्क्रीन उघडून बाहेर वळवली, "इथे बघा." मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. रेषा अगदी ताठ.

म्हणजे स्क्रीन चांगली, फाइंडर खराब. दोन्ही कॅमेऱ्यांत. कंपन्या फाइंडरवर आता लक्षच देत नाहीत, कारण हल्ली सगळे हात लांब करून स्क्रीनवर बघत फोटो काढतात. असं मी त्या मुलीला ऐकवलं. तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

जुना वाकडा, नवाही वाकडा. घ्यायचा कुठला? अख्ख्या धंद्याला झालंय काय?

१४ मार्च, शनिवार

ग्रुपवरून कळलं, मास्तरांचं दुसरं गिऱ्हाईक मागे फिरलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आज एका कुटुंबाचा फोटो होता, आजी, तीन मुलगे, सुना, नातवंडं. दुरुस्तीवाल्याकडून कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला. त्याचाही फाइंडर मळकट. पण काम झालं.

१७ मार्च, मंगळवार

काम झालं नव्हतं. थोरली सून फोटो परत घेऊन आली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बाई, जरा बघता का?" फोटो माझ्यापुढे धरला.

आजी धूसर होत्या. सगळं कुटुंब धूसर होतं. मागचा पडदा मात्र असा स्वच्छ की त्याची वीण मोजावी. अठरा माणसं सोडून मी पडद्यावर फोकस केला होता, तोही एकदा नाही, अकरा फोटोंत.

"आजी परत नाही यायच्या इतक्या लांबून," ती म्हणाली.

कॅमेरा खराब होता असं म्हणाले, आणि म्हणतानाच जाणवलं की गेल्या दोन आठवड्यांत हे वाक्य मी चार कॅमेऱ्यांबद्दल बोललेय.

१८ मार्च, बुधवार

आत्ताच लिहिणार, उद्यावर नको.

दुपारी ह्यांना कामावर डबा द्यायला गेले. हे एका मोठ्या कपाटाच्या फळ्या तासत होते. ह्यांची पद्धत अशी की फळी तासून झाली की एक टोक डोळ्याशी धरायचं, दुसरा डोळा मिटायचा आणि धारेवरून नजर टाकायची. कुठे पोक असेल तर लगेच दिसतं. लग्न झालं तेव्हा मला हसू यायचं, वाटायचं लाकडावर नेम धरतायत.

मी गंमत म्हणून एक फळी उचलली आणि तशीच धरली. म्हटलं, "अहो, ही मधे वाकलीय."

ह्यांना राग आला. चाळीस वर्षांत ह्यांच्या फळीला कुणी वाकडी म्हटलं नव्हतं. घेतली, बघितली. "सूत लावून बघू?" म्हणाले, आणि खरंच दोरी ताणली. फळी दोरीला चिकटून सरळ.

मी परत धरली. मधे वाकलेली.

ह्यांनी माझ्या हातातली फळी काढून घेतली नाही. हळूच म्हणाले, "आता हा डोळा मीट, आणि त्याने बघ."

मी उजवा मिटला. डाव्याने बघितलं.

फळी सरळ होती.

पुन्हा उजव्याने. वाकडी. डाव्याने सरळ. उजव्याने वाकडी. किती वेळा केलं कुणास ठाऊक. मग ह्यांच्याकडे बघितलं, एकट्या उजव्या डोळ्याने. समोर हे उभे, शर्ट दिसतोय, कान दिसतायत, आणि चेहऱ्याच्या जागी मळकट डाग.

खाली लाकडाच्या भुश्शावर बसले. हेही बसले. डबा तसाच राहिला.

तीस वर्षं मी डावा डोळा मिटून जग बघितलं. दोन्ही उघडे असताना डावा उजव्याची चूक झाकत राहिला, आणि मी त्याला मिटलं की फक्त कॅमेऱ्यातच वाकडं दिसायचं. म्हणून मी कॅमेऱ्यांना दोष देत गेले. अंतर मात्र तेव्हाही चुकत होतं, टेबलाचं आणि पाण्याच्या पेल्याचं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. शिंपिणीला सुई ओवतानाच कळलं असतं.

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिने एक कागद समोर धरला. कागदावर जाळी होती. उभ्याआडव्या बारीक रेषा आणि मधे एक ठिपका. फाइंडरमधली जाळी, जशीच्या तशी.

"मधल्या रेषा कशा दिसतात?"

"आत ओढल्यासारख्या."

"कधीपासून?"

मी पिशवीतून ही वही काढली आणि ६ मार्चचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं. ११ तारीखही वाचली, दुकानातली. हसली नाही. "इतकं तारखेवार कुणी सांगत नाही," म्हणाली. मग विचारलं, "७ तारखेला ते डाव्या डोळ्याने बघ म्हणाले होते?"

"हो."

"त्यांना बरोबर कळलं होतं."

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतंय. वयाने होतं. औषध आहे, ते इंजेक्शनने डोळ्यात द्यायचं, दर महिन्याला. डोळ्यात! मी दोनदा विचारलं. हो, डोळ्यातच. झिरपणं थांबेल, थोडं सुधारेलही, पण जेवढा भाग सुकून व्रण झालाय तेवढा परत यायचा नाही.

"बारा दिवस आधी आले असते तर?"

तिने जाळीचा कागद बाजूला ठेवला. "लवकर येणं नेहमीच चांगलं," म्हणाली. मला कळलं.

२० मार्च, शुक्रवार

इंजेक्शन झालं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, वाटली होती त्यापेक्षा जास्त भीती. ह्यांचा हात इतका दाबला की ह्यांना आज रंधा धरता आला नाही.

२३ मार्च, सोमवार

मास्तरांकडे गेले. दार उघडल्याबरोबर वाकून पायाला हात लावला आणि तशीच राहिले.

"ऊठ. काय निघालं?"

सांगितलं. त्यांनी एकदाही "मी म्हटलं होतं" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई कोण, इंजेक्शनं किती, डावा कसा आहे, सगळं असं विचारत होते जणू ते दुखणं त्यांना पाठ आहे.

मी म्हटलं, "मी ग्रुपवर लिहिणार. कॅमेरा चांगला होता, खोट माझ्या डोळ्यात होती."

"लिहू नकोस." इतक्या चटकन म्हणाले की मी दचकले. "कॅमेरा नाही विकला गेला तर मला काय फरक पडतो? पण एक डोळा गेलेल्या बाईला शाळा बोलावणार नाही. लोक आधी डोळा बघतात, फोटो नंतर. गप्प राहा. डाव्याने बघायला शिक. वर्षभरात सवय होते."

"मग तुमचाच कॅमेरा द्या मला. डाव्याने बघायला शिकेन."

त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढला, घासलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. आणि एकदम उलटंच बोलले. "नको. तू नवा घे. त्याची स्क्रीन बाहेर वळते. स्टँडवर ठेव, दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळ्यांच्या देखत बघ. ह्या फाइंडरला डोळा चिकटवून राहिलं की लपवायला फार सोपं जातं. आणि लपवायची सवय लागली की सुटत नाही."

आधी म्हणाले गप्प राहा, मग म्हणाले सगळ्यांच्या देखत बघ. वय झालंय त्यांचं. पण मी काही बोलले नाही. बोलण्याबद्दल मी आता कानाला खडा लावलाय.

२५ मार्च, बुधवार

दोन दिवस विचार केला. खरं तर विचार नाही, भीती. लिहिलं तर वर्गफोटो जातील. ग्रुपवर निदान दोघं तरी त्या कामावर डोळा ठेवून आहेत. नाही लिहिलं तर मास्तर जन्मभराच्या कामानंतर लबाड ठरून राहतील, तेही माझ्यामुळे.

ह्यांना विचारलं, ह्या वेळी लिहायच्या आधी. म्हणाले, "वाकडी फळी कपाटात बसवली की दार कधीच नीट लागत नाही." आणि परत कामाला लागले.

संध्याकाळी लिहिलं. "८ मार्चला मी जे लिहिलं ते खोटं होतं. मास्तरांचा कॅमेरा उत्तम आहे. माझ्या उजव्या डोळ्याला आजार झालाय, मला सरळ रेषा वाकडी दिसते. मास्तरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांची माफी मागते." पाठवलं आणि फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी आठला शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन. बातमीला पाय फुटले होते. "खरं आहे का?" म्हटलं, खरं आहे. "मग कसं करायचं?" म्हटलं, "पहिल्या वर्गाचा फोटो काढून तिथेच दाखवते. पटला तर पुढचे एकवीस, नाही तर मी सामान उचलते." "या," म्हणाल्या.

मग ग्रुप उघडला. माझ्या खाली बरेच अंगठे, बरेच "लवकर बरे व्हा". आणि त्याखाली मास्तर. आठ वर्षांत त्यांनी तिथे शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

"माझा उजवा डोळा एकोणीस वर्षांपूर्वी गेला. हाच आजार. तेव्हापासूनचे सगळे फोटो मी डाव्या डोळ्याने काढलेत. कामं जातील म्हणून कुणाला सांगितलं नाही. फ्लॅशने एका संध्याकाळी सांगितलं, म्हणून मीही सांगतो."

ह्यांना मोठ्याने हाक मारली. तीनदा वाचलं. हे धावत आले, म्हणाले, काय झालं? मी फोन त्यांच्या हातात दिला.

एकोणीस वर्षं! त्यातली तेरा मी त्यांच्यासोबत होते. मोठं लग्न असलं की ते मुख्य आणि मी जोडीला. एका मांडवात, चार हातांवर. आणि मी म्हणे डोळ्याची माणूस, लोकांच्या कपाळावरची आठी टिपणारी.

उठले आणि जुन्या फोटोंचे खोके काढले. लग्नात मधूनमधून मी मास्तरांचेच फोटो काढायची, काम करताना. पहिल्या खोक्यात काळ्या केसांचे मास्तर, कॅमेरा उजव्या डोळ्याला. पुढच्या खोक्यात कॅमेरा डाव्या डोळ्याला. त्याच्या पुढच्यात डाव्या. त्याच्याही पुढच्यात डाव्या. नाक उजवीकडे स्क्रीनवर दाबलेलं, अंगठा गालात रुतलेला. एकसष्ट फोटो मोजले. सगळे फोकसमध्ये, सगळे सरळ.

सगळे मीच काढलेले.

आणि त्यांना मी म्हणाले होते, तुम्हालाच धड दिसत नसेल. ५ मार्चचं पान उघडून घासलेल्या काचेबद्दल मी काय लिहिलंय ते वाचलं आणि वही मिटली. फोन लावला. पलीकडून "बोल फ्लॅश" म्हणाले. बराच वेळ दोघं नुसते फोन धरून होतो.

२८ मार्च, शनिवार

मिररलेस घेतला. काउंटरवरच्या त्या मुलीला सांगितलं की तिचे कॅमेरे चांगले होते. तिला आठवत नव्हतं. लेक फोनवर म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना!" म्हणू दिलं.

८ एप्रिल, बुधवार

बावीस वर्ग झाले.

कॅमेरा स्टँडवर, स्क्रीन बाहेर वळवलेली, मी दोन्ही डोळे उघडे ठेवून उभी. पहिल्या वर्गाचा फोटो मुख्याध्यापिकांनी मोठा करून बघितला, शेवटच्या रांगेतल्या उंच पोरापर्यंत. मग शिक्षिकांना म्हणाल्या, "पुढचा वर्ग आणा."

मास्तर आले होते. मी बोलावलं नव्हतं. गळ्यात त्यांचा तोच कॅमेरा. विकायचा नाही म्हणाले आता. खुर्ची टाकून माझ्या शेजारी बसले होते, मधूनच एखादा फोटो काढत होते, बहुतेक माझाच.

दुसरीचा वर्ग रांगा लावून उभा राहिला. मास्तरांनी कॅमेरा वर घेतला. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मोठ्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही त्या डोळ्याने का बघता?"

सगळ्या शिक्षिकांनी माना वळवल्या.

मास्तरांनी कॅमेरा खाली घेतला. "ह्याने दिसतं म्हणून."

"आणि त्याने?"

"त्याने नाही दिसत."

"बरं," पोरगी म्हणाली आणि नीट पुढे बघून उभी राहिली.

तिला एक मिनिटही लागलं नव्हतं. एकोणीस वर्षांत मी हेच विचारायला हवं होतं, आणि उत्तर एवढंसंच होतं. स्क्रीनवर चाळीस पोरं एकमेकांत विरघळायला लागली. मला वाटलं नव्या कॅमेऱ्याचं काही बिघडलं. मग कळलं, पाणी आलंय, दोन्ही डोळ्यांना. उजव्याला आता बाकी फारसं काही जमत नाही, पण हे जमतं.

"बाई, काढा ना फोटो," पोरं ओरडली. मी पदराने डोळे पुसले आणि काढला.